कळ

ग्रंथालयाच्या मागे, जिथं पूर्वी जुने नकाशे गुंडाळून ठेवायचे,
तिथं माझं टेबल.
बाहेर मेनचा फेब्रुवारी. पार्किंगच्या कडेला ढकललेला
काळपट बर्फ.
दारावर मुलांनीच चिकटवलंय: डॉक्टर थिबोडो.

पावणेआठला रांग लागते.
"मेला, मिस्टर थिबोडो. मेलाच हा."
मेलेला नसतो.
रात्रभर बापाच्या पिकअपमध्ये राहून गारठलेला असतो.
त्याला जरा उबेत बसू दे, म्हणतो. तूही बस.
पडदा काळाठिक्कर? उजेड कुणीतरी शून्यावर नेलाय.
तुझ्या शेजारचाच, बघ कसा खाली बघून हसतोय.
चार्ज होत नाही?
टूथपिकनं हळूच कोरलं की भोकातून निघतो
बिस्किटाचा चुरा, लोकरीचा धागा,
एकदा तर नाताळची चमकी.
आवाज गेला म्हणून रडकुंडीला आलेला ओवेन
हेडफोनचं मोडकं टोक आत घेऊन
आठवडाभर हिंडत होता.
आणि काहीच सुचलं नाही, तर
पॉवर आणि गोल बाण एकत्र दाबायचे,
दहा अंक मोजायचे, घाई न करता.
निम्मं जग तेवढ्यानं बरं होतं.
उरलेल्या निम्म्यासाठी फॉर्म आहे.

याआधी सव्वीस वर्षं
बुटांच्या कारखान्यात शिलाईची यंत्रं दुरुस्त केली.
कारखाना गेला, खोड राहिली:
झिजेवरून माणूस ओळखायची.
टाच बघून सांगायचो,
हा डाव्या पायावर रेलतो, ही रोज बसमागे धावते.
आता कळा बघतो.
डब्ल्यू, ए, एस, डी गुळगुळीत,
म्हणजे हा गणिताच्या तासाला कुठं असतो ते ठाऊक आहे मला.
खोडायचीच कळ चकचकीत,
म्हणजे हिला स्वतःचं एकही वाक्य पसंत पडत नाही.

खणात जॅमच्या बरण्या आहेत, मोडीत निघालेल्यांच्या कळांनी भरलेल्या,
अक्षरवार.
ईची बरणी कायम रिकामी. एच्या उरल्यात चार.
एक्सची काठोकाठ.
एक्स कोण मागतंय?

गुरुवारी इफ्राह आली. आठवीतली. हातमोजे न काढताच
लॅपटॉप पुढे सरकवला.
"एक अक्षर पडलंय."
एक्सच्या जागी रबराचा बारका फुगवटा.
शेजारची सी पुसट. वर क्यू अगदी पांढुरकी.
अकरा वर्षांत क्यू झिजलेली पाहिली नव्हती.

"मी नीट वापरते," ती म्हणाली.
तू नीटच वापरतेस. पण रात्री कोण?

ती गप्प. नियम भिंतीवरच आहे, माझ्या डोक्यामागे:
यंत्र फक्त विद्यार्थ्यासाठी.
"होयो," मग म्हणाली. "आई. तिची शिफ्ट संपल्यावर.
किस्मायोला मावशी आहे, तिला लिहिते.
आमच्यात एक्स लागतो. खूप लागतो."
कसा म्हणायचा?
तिनं खिडकीकडे तोंड करून म्हणून दाखवला,
काचेवर वाफ धरतात ना, तसा,
फक्त आणखी खोलून, घशाच्या तळातून.
मी करून बघितला. खोकला आला.
ती पहिल्यांदा हसली.

मला पहिलीत असताना फ्रेंचमध्ये पाणी मागितलं म्हणून
कोपऱ्यात उभं केलं होतं. तिला सांगितलं नाही.
चिमट्यानं खालची कात्री बसवली, वरून अंगठा.
टक्.
कळ बसली. एक मात्र
बरगडीखाली जरा वेळ राहिली.

फॉर्मवर रकाना असतो: नुकसानीचं कारण.
बेपर्वाई, अपघात, इतर.
इतरवर खूण केली, लिहिलं: नेहमीची झीज.
पाकिटात दोन एक्स जास्तीचे घातले.
क्यू एकच सापडली.

"पैसे?"
काही नाही. आणि रात्री चार्जर
भिंतीत नीट खोचायला सांग होयोला,
अर्धवट राहिला की बॅटरी पत्राच्या मध्यातच जाते.

पुढचा कोण?
ओवेन. आता काय अडकवलंस, बाबा?