पेन्सिल सेलवरचा फोन

तापकीर गल्लीत भन्साळींच्या काउंटरवर
चार्जरांच्या गुंत्याशेजारी तो ठेवला होता :
साबणाच्या वडीएवढा, पांढरा,
पडदा नाही, कॅमेरा नाही,
नुसती बटणं, आणि पाठीमागं
एका पेन्सिल सेलची खोबण.

"पंधरा वर्षं ड्रॉवरमध्ये पडू द्या," भन्साळी म्हणाले,
"सेल घातला की उठून बसेल.
अकराशे पन्नास. कमी होणार नाहीत."

हातात घेतला. वजन काहीच नव्हतं.
अडचणीच्या वस्तूला थोडं तरी वजन हवं
असं मला वाटतं. माझ्या पान्याला आहे.

म्हटलं, आणि सिमकार्ड?
तेही झोपून राहील का पंधरा वर्षं?
भन्साळींनी चष्मा कपाळावर नेला.
"त्याला खायला घालत राहावं लागेल.
कंपनी काय तुमची मावशी आहे?"
म्हणजे मुक्या फोनचा खर्च
बोलक्या फोनएवढाच.
आणि सेल?
"तो काढून ठेवायचा, नाहीतर पाझरतो."
कुठं ठेवायचा?
"त्याच ड्रॉवरमध्ये."

आमच्या घरातला ड्रॉवर मी ओळखतो.
त्यात ठेवलेला सेल
भिंतीवरच्या घड्याळात सापडतो,
नाहीतर टीव्हीच्या रिमोटमध्ये.

तरी मी दुकानातून हललो नाही.
खराडीची ती रात्र अजून अंगात होती.

काम संपवून, रजिस्टरवर सही करून
मीच खाली निघालो होतो, मीच दुरुस्त केलेल्या लिफ्टनं.
सातव्या आणि आठव्याच्या मध्ये वीज गेली.
घंटी दाबली. घंटीची बॅटरी मेलेली.
"बॅटरी बदलणे", मार्चपासून लिहिलेलं होतं,
माझ्याच अक्षरात.
फोनचे शेवटचे तीन टक्के
मी टॉर्चला दिले, दाराची फट बघायला.
फट दिसली. फोन गेला.

अडीच तास.
बावीस वर्षं जे लोकांना बाहेरून ओरडून सांगितलं
ते मी स्वतःला आतून सांगितलं :
घाबरू नका साहेब, खाली बसा, हवा येते.
हवा येते, हे खरं आहे.
पण सांगणारा बाहेर असला
की जास्त येते.

आता काउंटरशी उभं राहून
मी तो पांढरा फोन त्या लिफ्टमध्ये नेऊन पाहिला.
सेल घातला. बटणं हिरवी झाली.
समोर स्टीलवर, बोटाला लागेल असं स्टिकर :
'लिफ्टमध्ये अडकल्यास – दुधाणे', आणि नंबर.
मला पाठ असलेला जगातला एकच नंबर.
दहा आकडे दाबले.
आतली बाई म्हणाली,
आपण ज्यांना फोन करत आहात ते
संपर्काच्या बाहेर आहेत.
ते माझ्या खिशात होते.

नंदाचा नंबर? नंदाचा नंबर म्हणजे 'नंदा'.
त्याच्या आत काय आहे, कधी बघितलं नाही.

रिकाम्या हातानं निघणं बरं दिसेना
म्हणून एक सेल घेतला, सुटा.
भन्साळींनी फोन मागच्या फळीवर सरकवला,
"गुरुवारपर्यंत ठेवतो. नंतर मला विचारू नका."

रात्री जेवताना विचारलं, तुझा नंबर सांग.
"कसला फॉर्म भरताय?" नंदा म्हणाली.
कसलाच नाही म्हटल्यावर
तिनं वाटी खाली ठेवली, माझ्याकडं पाहिलं,
मग एकेक आकडा सांगितला, सावकाश,
लहान मुलाला रस्ता सांगावा तसा.

आज दांडेकर पुलाच्या सिग्नलला
हेल्मेटच्या आत म्हणून पाहिला.
सात आकडे सरळ येतात.
शेवटचे तीन
अजून अडकतात, दोन मजल्यांच्या मध्ये.

गुरुवार परवा आहे.