डावा की उजवा

बेचवा नदीकाठी, ओताकारच्या तळघरात,
बटाट्यांच्या पोत्यांपुढं आम्ही चादर टांगली
आणि तिच्यामागं दोन अँप्लिफायर ठेवले.
एक व्हॉल्व्हचा, एक ट्रान्झिस्टरचा.
मीटर लावून दोघांची पातळी सारखी केली,
त्यासाठी रोस्टा दोनदा वाकला, दोनदा कण्हला.
पैज एका बाटलीची. आलुबुखारची, घरी गाळलेली.

ओताकारचं म्हणणं, व्हॉल्व्ह स्वराला पोटाशी धरतो.
कितीही चढवा, फाटत नाही,
नुसता कडेनं गोल होत जातो, भट्टीतल्या पावासारखा.
रोस्टा म्हणाला, ते गोल होणं म्हणजे थाप मारणं.
स्वराच्या डोक्यावर त्याचाच वरचा सप्तक
गुपचूप बसवायचा, आणि त्याला ऊब म्हणायचं.
ट्रान्झिस्टर आलेला स्वर पुढं देतो,
पोस्टमनसारखा, पाकीट न फोडता.
"आणि जोर वाढवला की कात्रीनं डोकं उडवतो!"
"मग नको वाढवूस."

मी गप्प. मी आईला घेऊन गेलो होतो.
क्वेता, वय एक्क्याऐंशी.
बावीस वर्षं तिनं व्हॉल्व्हच्या जाळ्या गुंडाळल्या,
केसाहून बारीक तार, दोन खांबांभोवती, वेढ्याला लागून वेढा.
शिंक आली तर आधी हात मागे, मग शिंक.
हिला नाही कळणार तर कुणाला?

डॉक्टर म्हणाले होते, चार हजारांच्या वरचं
आता हिला काही येत नाही.
ते मी तळघरात बोललो नाही.

टेप लावली. कुणाच्या तरी लग्नातली, जुनी,
सिंबालोम, दोन व्हायोलिनं, मागं डबल बास.
बास माझ्या वडिलांचा.
हेही मी बोललो नाही.

डावा. मग उजवा. पुन्हा डावा.
आईनं डोळे मिटले नाहीत, बटाट्यांकडं बघत राहिली.
पुन्हा उजवा लागला,
बासच्या तारेवर बोट घासलं,
आणि स्वर जिथं थांबायचा तिथंच थांबला.
तिनं मान वर केली.
"हा. हा आमचा."

चादर काढली.
उजवा ट्रान्झिस्टरचा होता.

रोस्टा ओरडणार होता, ओरडला नाही.
ओताकार एक बटण पुसत बसला.
मी बाटलीवरची चिठ्ठी वाचली; तिच्यावर फक्त साल होतं.
आई गुडघ्यावर हात देऊन उठली,
झाकण काढायला लावलं, आत वाकली.
पत्र्याच्या टोप्या घालून ते रांगेत उभे होते,
वाटाण्याएवढे.

"म्हणजे हे लुडमिलाचं," ती म्हणाली.

लुडमिला, धाकटी बहीण. कारखान्याचं अंगण ओलांडलं की तिची इमारत,
तिथं पांढऱ्या झग्यातल्या मुली सूक्ष्मदर्शकाखाली
सोन्याची तार जोडायच्या.
त्यांच्याकडं माणसं वाढली, आईच्या खात्याला कुलूप लागलं.
त्या नाताळात मासा दोन घरांत वेगवेगळा शिजला,
आणि मग दर वर्षी तसाच.
मावशी गेली तेव्हा आईनं फुलं पाठवली होती, नुसती फुलं.

"बोटं ऐकली मी त्यांची," ती झाकणाशीच बोलल्यासारखी.
"आमच्यातून हा बास नेहमी जरासा रडवेला यायचा.
मला वाटायचं, ते वाजवतातच तसं."

पैज कुणी जिंकली ते ठरलं नाही. बाटली संपली.
निघताना ओताकारनं दोन्ही बंद केले.
ट्रान्झिस्टरचा दिवा विझला, विषय मिटला.
व्हॉल्व्हची लाली मात्र रेंगाळली,
आणि काच निवताना टिक, टिक.
आई पायरीवर थांबली.
"टिकटिकतंय का अजून?"
तिला ते ऐकू येत नव्हतं.
"हो."
"मग थांब."
मी कानांनी मोजत होतो, ती बोटांवर,
आणि तिची बोटं माझ्या थोडी पुढंच होती.