चार ते पाच

बीईओ ऑफिसातनं यादी आली. कन्नडात.
मोठ्या बाईंनी वाचून दाखवली, मी मराठीत उतरवली:
मंदगतीचे विद्यार्थी, अकरा.
मंदगती कशाला म्हणायचं, विचारलं नाही.
गेस्ट टीचरनं फार विचारू नये,
आमचं मानधनही त्याच गतीनं येतं.

खानापूरच्या अलीकडे, रेल्वे फाटकाला लागून शाळा.
चारची घंटा झाली की बाकीची पोरं सुटतात
पोतं फाटून सांडलेल्या शेंगांसारखी.
अकराजण राहतात, अक्षर दासोहच्या खोलीत,
कारण तिथला बल्ब लागतो.
सांबाराचा वास अजून भिंतीला.
फळा म्हणून पत्र्याचं दार. त्यावर खडू किंचाळतो
आणि पोरं हसतात. पहिले आठ दिवस
तेवढाच आवाज.

मोनेश हुंदरे, सहावी. वजाबाकी शून्य.
बावन्नातून सतरा.
दोनातून सात जात नाहीत, मग काय करायचं?
शेजारच्या घरातनं एक दशक उसना आणायचा.
"आणि परत कधी द्यायचा, बाई?"

मी खडू हातात धरून उभी.
पंधरा वर्षं शिकले, चार वर्षं शिकवतेय,
हे कधी कुणी विचारलं नव्हतं.
तो दशक कुणीच परत करत नाही.
शेजारचं घर एकानं कमी होतं
आणि उत्तर मात्र बरोबर येतं.

तेवढ्यात फाटक पडलं. मालगाडी.
सगळी खिडकीला.
एक्कावन्न डबे, मोनेश म्हणाला, एकोणीस रिकामे.
रिकामे कसे कळले?
"वेगळे वाजतात की."
भरलेले किती मग?
"बत्तीस."
कसं केलंस?
"मोजलो की, बाई. आणि काय."

मालगाडीला वेळापत्रक नसतं,
मग माझ्या तासालाही राहिलं नाही.

अफ्रीन नदाफ. घरी दखनी, शाळेत मराठी,
वरून आलेल्या पेपरात कन्नड.
शेरा: भाषा कच्ची. कुठली, ते लिहिलेलं नाही.
मोठ्यानं वाच म्हटलं की ओठ शिवून बसते.
एकदा फाटकाशी थांबलेल्या बसकडे बोट केलं,
पाटी वाच म्हटलं.
वाचली. नंदगड.
मग अगदी हळू, "तुम्हाला येतंय, बाई?"
येतं की, म्हटलं.
अर्धं येतं. कन्नडातला व आणि म
मला अजून जुळ्या भावांसारखे दिसतात.
हजेरीवर नावं लिहिताना शेपूट विसरते,
आणि मोठ्या बाई काही न बोलता
शेपूट काढून देतात.

आणि यादीत नसलेली एक.
वैजयंता गुरव, चौथी. पाढे तिसापर्यंत पाठ.
तू कशाला गे बसतीस इथं?
आई काजूच्या कारखान्यात. घराला कुलूप, सहापर्यंत.
बस म्हटलं.
तर दुसऱ्या दिवसापासून ती चुकायला लागली.
सात आठे चौपन्न, म्हणायची,
आणि माझ्याकडे बघायची,
चूक पुरेशी झाली का म्हणून.
मी तांबड्या पेनानं गोल करायचे.
नीट, मोठा गोल.

मार्चमध्ये फॉर्म आला. किती सुधारले?
मोनेश, होय. अफ्रीन, होय लिहिलं आणि
पुढं कंसात काही लिहायला गेले, तर जागाच नव्हती.
रुद्राप्पा नाकाडी फेब्रुवारीत आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेला.
त्याच्यापुढं मी रेघ ओढली.
सीआरपी साहेब म्हणाले, रकाना मोकळा नको,
होय की नाही ते लिहा.
नाही लिहिलं. पेन दाबून. कुणाचं नाही, कोण जाणे.
वैजयंताला ओळच नव्हती.

शेवटच्या दिवशी सगळी गेली, ती मागं राहिली.
ओल्या फडक्यानं पत्र्याचं दार पुसत होती,
खालून वर, हात पुरेल तिथपर्यंत.
पुसता पुसता स्वतःशीच,
सात आठे छप्पन्न.

मी ऐकलं नाही असं केलं.
कुलूप शोधत बसले, हातातच होतं.
सहाला अजून वीस मिनिटं होती.