ढोलावरचं नाव

अर्ज मीच लिहिला होता,
'आपल्या दातृत्वाची कीर्ती ऐकून' वगैरे.
कीर्ती काही ऐकली नव्हती. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
गेटवरची पाटी मोठी दिसली, म्हणून आत गेलो.

शेठनी चहा पाजला,
विचारलं, मास्तर, नाव कुठं येणार?
मोठ्या ढोलावर, मी म्हटलं.
चमकतात बिगुल, पण लोक बघतात ढोलाकडंच.
दहा हजार ठरले. पाच आत्ता, पाच फोटो आल्यावर.

पाचात काय काय बसतं
हे पी.टी.च्या मास्तरलाच विचारावं.
ढोलाची दोन पानं, काठ्या, झांजांचे पट्टे,
तेरा जोड पांढरे मोजे
(बाकीच्यांनी घरचे आणले; एकाचे पिवळट,
त्याला मागच्या रांगेत घेतला)
आणि तीनशे म्हेत्रे पेंटरचे.
म्हेत्रेनं एका ओळीत, लाल रंगात, सावली देऊन लिहिलं:
गुंडेटी टॉवेल्स.

ढोल अंबिका चिलवेरीकडं. दहावी ब.
हडकुळी पोर, पण मारते अशी
की स्टाफरूममधल्या कपबशा बोलायला लागतात.
ओठातल्या ओठात मोजते, ओकटी, रेंडू, मूडू,
आणि तिसऱ्याला जरा दात खाते.
तिची आई गुंडेटींच्याच कारखान्यात
टॉवेलांच्या कडा शिवते, डझनावर.

डिसेंबरात आधी 'टॉ'वरचा चंद्र मावळला.
मग त्याचा काना पडला,
मग शेजारची 'टी' धुरकट झाली.
मी म्हटलं, अंबिका, जरा बाजूला मार, अक्षरं जातायत.
ती म्हणाली, सर, बाजूला मारलं की पत्र्याच्या डब्यासारखं येतंय.
खरंच होतं ते.
मी गप्प बसलो. पाच हजार बाकी असून गप्प बसलो.

जानेवारीत पार्क मैदान.
माईकवर पाण्याच्या बाटल्यांचं सौजन्य, मंडपाचं सौजन्य,
शिल्डचं सौजन्य कुठल्या क्लासवाल्यांचं.
सौजन्याला अकरा मिनिटं लागली,
आम्हाला वाजवायला सात.
ढोल वळून स्टँडसमोर आला तेव्हा
डावीकडं 'गुंडे' उरलं होतं, उजवीकडं 'वेल्स',
मधे पांढरं, घासलेलं, गोल.
वरून कुणीतरी ओरडलं, गुंडे आले रे!
अख्खा स्टँड हसला.
पाय कुणाचा चुकला नाही.
उलट पाचवीतला झांजवाला
छाती काढून चालायला लागला.

तिसरे आलो.
पहिल्या शाळेकडं बत्तीस ट्रम्पेट होते, हातमोजे होते,
आणि ते वाजवलेही चांगले, खोटं कशाला बोलू.
आम्हाला भिंतीवरचं घड्याळ. काट्यांमागं क्लासचं नाव.
सेल नव्हता.

फोटो घेऊन गेलो. शेठनी चष्मा लावला,
बराच वेळ बघितलं.
नाव कुठंय?
वाजून संपलं, शेठ.
मारत कोण होतं?
सांगायला नको होतं. सांगितलं.
नरसम्माची का पोर, एवढंच म्हणाले,
आणि फोटो ड्रॉवरमधे ठेवला. परत दिला नाही.

पाच हजार आले नाहीत.
शनिवारी एक टेम्पो आला, दोन गठ्ठे टाकून गेला.
सेकंड माल, ऐंशी नग. चिठ्ठी नाही.
मुख्याध्यापिका म्हणाल्या, बिराजदार, हे जमा कुठं दाखवायचं?
अजून दाखवलेलं नाही.

अंबिकानं एक टॉवेल उचलला,
चौघडी करून पट्ट्याखाली खांद्यावर घातला,
जिथं सालटं निघालेलं असतं तिथं.
काठावर मशीननं विणलेलं नाव
आतल्या अंगाला गेलं, अख्खं.
मग पुन्हा काढला. कडेचा एक धागा सुटला होता,
तो ओढून बघितला, उजेडाकडं धरला.
माझ्या आईची शिवण नाय ही सर, म्हणाली,
तिची उसवत नाय.
आणि काठी उचलली.