चारपट

खानापुरात बसस्टँडच्या मागे, झेरॉक्सला खेटून
माझा संगणक.
त्यात पुतण्यानं नवं सॉफ्टवेअर टाकून दिलंय:
फोटो आत सोडायचा, दोनपट की चारपट सांगायचं,
चहा येईपर्यंत थांबायचं.

तायव्वा हुंदरे आल्या तेव्हा वीज नुकतीच परतली होती.
पदराच्या गाठीतून कार्ड निघालं, नखाएवढं,
तपकिरीचा वास असलेलं.
बटणांच्या फोननं काढलेला एकच फोटो.
"आमचं मालक. कौलांच्या कारखान्यावर.
वर्सश्राद्धाला लावायचाय.
दारातनं वळखू आला पायजे बगा."

दोनशे चाळीस बाय तीनशे वीस ठिपके.
एवढ्यात धाकलू हुंदरे मावले कसे,
हे मी विचारलं नाही.
चारपट दाबलं.
पंखा घुरघुरला, टक्के चढत गेले,
साठावर जरा अडकले,
आणि माणूस आला.

मिशीचा केस न् केस.
शर्टाला गुंड्या, गुंड्यांना भोकं.
मागे कौलांची थप्पी, प्रत्येक कौलाची कड वेगळी.
तायव्वा खुर्ची ओढून पुढं सरकल्या.
"व्हय. हेच."
मग बराच वेळ काही नाही.
मग पडद्यावर बोट टेकवून:
"ह्ये कुणाचं?"

उजवा हात. छातीशी धरलेलं कौल,
त्यावर पाच बोटं, नखं कापलेली, स्वच्छ.
"करंगळीशेजारचं मशिनीनं नेल्तं की.
लगनाच्या आदी.
मला दिला तवा चारच होती."

मी समजावून सांगितलं.
ठिपक्यांना ठाऊक नसतं ते
हे सॉफ्टवेअर आधी बघितलेल्या हातांवरून ठरवतं,
लाखो हात, आणि त्या हातांना बहुतेक
पाचच असतात.
"लाखांनी सांगिटलं म्हनून काय झालं,"
तायव्वा म्हणाल्या,
"रातीला माझ्या हातात
लाखांचा हात हुता व्हय?"

फलकाचं मी बोललो नाही.
मागे कारखान्याचा फलक होता, दोन ओळींचा.
कुठली ओळ वर नि कुठली खाली,
यावरून आमच्याकडं माणसं चौकीपर्यंत जाऊन आलीत.
मूळ फोटोत दोन्ही सारख्याच राखाडी.
आता अक्षरं आली होती, ठळक,
डोक्यावर रेघ आणि पोटात कानडी वळणं,
मी वाचायला गेलो, जीभ अडखळली.
एकही अक्षर कुणाचं नव्हतं.
तायव्वांना दोन्ही लिप्या येत नाहीत.
"पाटी ऱ्हाऊ दे," म्हणाल्या, "झ्याक दिसतीय."

मोठं करायला चार मिनिटं लागली होती.
बोट काढायला पाऊण तास.
खोडलं की तिथं दुसरं उगवायचं,
एकदा तर अंगठीसकट.
शेवटी चारपट नाद सोडला,
जुन्या फोटोतला हात कापून आणला,
नुसता ताणला, जसा होता तसा,
मातकट चौकोनांचा,
आणि लख्ख मनगटापुढं चिकटवला.
धंद्याच्या दृष्टीनं काम वाईट.
गिऱ्हाईक म्हणेल, हाताला काय झालं?

छापून हातात दिला, अजून ओलसर.
तायव्वांनी तो उजेडाकडं धरला,
चौकोनांवरून नख फिरवत,
मुकादमानं कौलं मोजायला शिकवलं तसं,
"ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु."
थांबल्या.
परत एकदा, सावकाश.

मग चोळीतून नोटा काढल्या
आणि त्या मराठीत मोजल्या.
वीस रुपये कमी भरले.
मी म्हटलं, असू दे.