रायझर

चिठ्ठीत माझं नाव निघालं नव्हतं.
मी फक्त इतिवृत्त लिहायला.
महापालिकेतून निवृत्त, अक्षर बरं, कान अजून शाबूत.

उद्यमनगराच्या मागं, शाळेच्या सभागृहात
सहा रविवार, एकेचाळीस माणसं,
मतदारयादीतून डोळे मिटून उचललेली,
आणि फळ्यावर दिल्लीहून आलेला एकच प्रश्न:
देशाच्या जमिनीतून जे निघतं त्याचा पैसा
आत्ता खर्चायचा, ठेवायचा, की वाटायचा?
खाली कुणीतरी अर्धवट पुसलेलं
वर्तुळाचं क्षेत्रफळ.

पहिल्या दिवशी सगळे आकड्याला बुजले.
लाख कोटी म्हणजे एकावर किती शून्यं
यातच चहा निवला.
बँकेतले बुधले साहेब उठून म्हणाले, बारा.
मग पुढचे दोन रविवार तेच बोलले.

चौथ्या रविवारी चिखलीच्या हौसाबाई कळके,
हात वर न करताच:
"पाणी आलं तवा म्हस दाव्याला हुती.
दावं कापाय इळा सापडंना.
ठेवा की पैसा, नको कोण म्हणतंय.
पर ठेवल्याला अंधारात हाताला लागाय पायजे."

मी लिहिलं: राखीव निधी तातडीने उपलब्ध असावा, अशी सूचना.
खोडलं.
परत तेच लिहिलं.
विळ्याला इतिवृत्तात रकाना नसतो.

हुपरीच्या सुगंधा गाट पैंजणाला घुंगरू जोडतात.
म्हणाल्या, आमच्या खोलीचा केरसुद्धा विकला जातो,
धुळीत चांदी असते म्हणून.
धूळ मालकाची.
खोकला तेवढा माझा.
"चांदी कशी वाटायची ते तुम्ही ठरवालच.
खोकल्याचा हिशेब कुठल्या वहीत?"
बुधले साहेबांनी चष्मा काढून पुसला,
घालायचं मात्र विसरले.

आणि दस्तगीर मुजावर, फौंड्रीत साचे भरणारा,
भुवया जळून पांढुरक्या झालेल्या,
उठला, फळ्यावरच्या त्या वर्तुळाशेजारी
एक नळकांडं काढलं.
"लोखंड वतल्यावर निवताना आकसतंय.
म्हणून साच्याच्या डोक्यावर जादाचं भरून ठेवायचं. रायझर.
खालचं काम आकसाय लागलं की ह्यो वरनं पाजतोय.
न्हाई ठेवला तर माल वरनं झ्याक, आत पोकळ.
गाडी घाटात चढल्यावर कळतंय."
किती टक्के ठेवायचा? बुधले.
"टक्क्याचं न्हाई साहेब. जितं जाड काम, तितं जादा.
आणि रायझर सगळ्यात शेवटी निवाय पायजे.
आधीच गार पडला, तर नुसतं वजन."

तालमीतलं पोरगं, भोपळ्यांचा सुशील,
पाच रविवार भिंतीला टेकून झोपलेलं,
डोळे उघडून म्हणालं, "मग ते नळकांडं शेवटी टाकताय?"
"कापून परत भट्टीत. टाकतोय कशाला!"
पोरगं हसलं. मीही वहीत हसू आवरलं.

सहाव्या रविवारी मतं पडली.
ठेवा, अठरा. वाटा, चौदा. खर्चा, आठ.
एक कोरी.
दिल्लीला पाकीट गेलं, पोच आली,
पोचेवर शिक्का पुसट.

पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं.
चहाचा हिशेब केला तर तीनशे चाळीस रुपये उरले.
लाख कोटी शांतपणे ऐकणारी माणसं
तीनशे चाळिसासाठी तासभर उभ्याउभ्या भांडली.
कुणी म्हणालं सभागृहाचा पंखा दुरुस्त करा,
कुणी म्हणालं भाग करा, माणशी आठ रुपये एकोणतीस पैसे.
हौसाबाई म्हणाल्या, शिपायानं सहा रविवार खुर्च्या मांडल्या,
त्याचं नाव कुणाला ठाऊक हाय का?

कुणालाच नव्हतं.
मलाही नाही. आणि हजेरी मीच घेत होतो.

दस्तगीर दाराशी चप्पल शोधत म्हणाला,
असू द्या तुमच्यापाशी, पर निवू देऊ नका.

पैसे अजून माझ्या कपाटात आहेत,
इतिवृत्ताच्या कार्बन प्रतीखाली.
मधूनमधून मी हात लावून बघतो.