शीर सापडेपर्यंत

सोहारच्या इस्पितळात, रात्रपाळीला,
मी लोकांच्या हातांवर टिचक्या मारते.
गोऱ्या हातावर शीर डोळ्यांना दिसते,
काळ्या हातावर ती बोटालाच कळते.
सालिमबाबाचा हात झांझिबारचा, पासपोर्ट ओमानचा.
झोपेत तो स्वाहिलीत कुणाला तरी हाका मारतो,
जागा झाला की अरबीत पाणी मागतो.
मी विचारत नाही, बाबा,
तुमचा रकाना कुठला.

घरी उत्पलाचा फॉर्म चाललाय, अमेरिकेचा.
टेबलावर लॅपटॉप, खुबूस, सकाळची भेंडी.
तुम्ही स्वतःला कोण समजता?
ती ‘एशियन’वर बोट ठेवते,
आत आणखी एक दार उघडतं: ‘भारतीय’.
त्याच्या आत दार नाही.
“एवढंच विचारतात?”
“एवढंही आता निवडणाऱ्यांना दिसत नाही, आई.
कोर्टाचा निकाल आहे.”

दुबईचा सल्लागार तासाला तीनशे दिरहम घेतो
आणि सांगतो, बुद्धिबळ लिहू नकोस,
गणिताची पदकं मागे ठेव,
जरा कमी भारतीय दिस.
निबंधात मात्र स्वतःचं काहीतरी हवं.
एखादी जखम असेल तर उत्तम.
साडेसहाशे शब्दांत.

शुक्रवारी श्रोत्री आले, मंडळाचे खजिनदार.
चहात बिस्किट बुडवत म्हणाले,
“बरं झालं, तिकडचं आरक्षण गेलं.
आता आपल्या मुलांना न्याय मिळेल.
नाहीतर आपल्याकडे बघा.”
‘आपल्या’ हा शब्द टेबलावर तसाच राहिला.
मी त्याच्यावर बशी ठेवली.
बारा वर्षं मंडळात मी उदगीरच्या सिस्टर.
बिल्ल्यावर आडनावाच्या जागी नवऱ्याचं नाव आहे,
आणि कुणी पुढचं विचारलंच
तर मला गॅसवरचं दूध आठवतं.

जन्मदाखला शोधताना उत्पलाला दुसराच दाखला सापडला.
पिवळं पडलेलं लॅमिनेशन, तहसीलदाराचा गोल शिक्का,
रकान्यात शाईनं लिहिलेला एक शब्द.
“ही तू?”
मीच.
औरंगाबादला नर्सिंगच्या साठ खुर्च्या होत्या.
एकीवर मी बसले.
तीन वर्षं त्या खुर्चीला नाव होतं,
ते माझं नव्हतं.
“मार्क किती होते तुला?”
हिलाही तोच प्रश्न सुचला.
एकसष्ट, मी म्हणाले.
कंदिलाचं सांगितलं नाही,
जखम म्हणून वापरील.

तिला सांगितलं ते वेगळंच:
इथं ब्रिटनची सिस्टर आणि मी
एकाच खोक्यातली सुई घेतो,
तिला माझ्या अडीचपट पगार.
फिलिपिन्सची जोसेलिन मधे कुठेतरी.
पासपोर्टाचा रंग बघून ठरतं,
त्यावर कोर्टात कुणी जात नाही,
आणि मेरिट हा शब्द
त्या दिवशी श्रोत्रींना आठवत नाही.
“मग गप्प का बसलीस?”
बिस्किटं संपली होती, मी म्हणाले.
ती हसली नाही.

रक्त सगळ्यांचं लाल, असं लोक म्हणतात.
मी रोज काढते ते.
लेबल नसेल तर लॅब परत पाठवते.
चुकीचं लेबल असेल तर माणूस मरतो.
यातून काय शिकायचं मला अजून ठरवता आलेलं नाही.

निघताना तिनं विचारलं, “लिहू का हे?”
चपला घालायला मला फार वेळ लागला.
लिही म्हटलं नाही.
नको पण म्हटलं नाही.

आता पहाटेचे तीन.
खिशात फोन थरथरतो, उत्पलाच असणार.
हातात मोजे आहेत,
सालिमबाबाचा दंड रबरानं बांधलेला,
डोळे मिटून मी बोट फिरवतेय.
तो विचारतो, मिळाली का?
थांबा बाबा, हलू नका,
आत्ताच लागली आहे बोटाला.